पेनल्टीला पाठ

“पेनल्टी!” करत आमची अख्खी रांग उभी राहिली आणि पुढच्याच क्षणी गप्प झाली. आमच्या टीमला पेनल्टी मिळाली की पुढची आरोळी ठरलेली असते, “काकू, फिरा!” आज ती कुणाच्याच तोंडून निघेना.

काकू हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करतात. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून ते आमचे लिफ्टवाले काका. शहराच्या फुटबॉल टीमचं वेड काकांना. काकूंना ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. “घरी वाट बघत बसण्यापेक्षा इथे बसते,” एवढंच त्यांचं म्हणणं. हंगामाचे पास काढायला गेले तेव्हा शेजारशेजारच्या जागा संपल्या होत्या. म्हणून काकू आमच्या रांगेत आणि काका बरोबर त्यांच्या मागे.

फार वर्षांपूर्वी ऐन पेनल्टीच्या वेळी काकू डब्याचं झाकण मागायला मागे वळल्या आणि गोल झाला. पुढच्या पेनल्टीला समोर बघत बसल्या, तर आमच्या पठ्ठ्याने बॉल थेट प्रेक्षकांत मारला. झालं! तेव्हापासून पेनल्टीला काकूंनी मैदानाकडे पाठ करायची, हा कायदाच झाला. मी न्हावी आहे. दिवसभर लोकांची डोकी सांभाळतो, पण स्टेडियममध्ये शिरताना स्वतःचं बाहेर ठेवून येतो. त्यामुळे सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा मीच.

एकदा मी विचारलं, “काकू, इतक्या वर्षांत एकही पेनल्टी बघितली नाही तुम्ही. वाईट नाही वाटत?”

“बघितली नाही कशी? यांच्या तोंडावर दिसते की सगळी. बॉल जाळ्यात जायच्या आधी भुवया वर जातात यांच्या. तुम्हा सगळ्यांच्या आधी कळतं मला.”

तेवढ्यात काका म्हणाले, “काय सांगतेस! आजपासून हेल्मेट घालून बसतो.” आम्ही खो खो हसलो. पण ते खरंच होतं. गोल झाला की काका बेंबीच्या देठापासून ओरडायचे, “झाला गं, झाला!” आणि काकू शांतपणे म्हणायच्या, “दिसलं.”

हंगामाच्या मध्यावर काका गेले. झोपेतच गेले. माणूस इतका बडबडा, पण जाताना कुणाला हाक मारली नाही. त्यानंतर काकू मॅचला आल्या नाहीत. आम्हीही कोणत्या तोंडाने बोलावणार?

आज हंगामाची शेवटची मॅच. जिंकलो तरच वरच्या गटात राहणार, नाहीतर टीम खाली. काकांनी जन्मभर या एका गोष्टीची धास्ती घेतली होती. आज काकू आल्या. काकांचा पास त्यांनी कुणालाही दिला नव्हता, मागची जागा रिकामी होती. येताना मान खाली घालून आल्या, बसल्या, आणि एकदाही मागे बघितलं नाही. मध्यंतरात सवयीने डबा खांद्यावरून मागे धरला. घेणारं कुणी नव्हतं. तशाच समोर बघत त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.

आणि आता मॅच बरोबरीत, खेळ संपत आलेला, आणि पेनल्टी.

शेजारच्या पंक्चरवाल्याने मला कोपर मारलं. “बोल ना त्यांना.”

“मी नाही.”

“अरे, टीम जाईल खाली!”

“जाऊ दे गेली तर. त्या खुर्चीकडे बघायला लावू काय त्यांना?” मग मी वाकून म्हणालो, “काकू, आज बसून राहा. आज समोर बघा.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. “आणि बॉल वरून गेला म्हणजे? माझ्या नावाने खडे फोडाल सगळे.” मग हळूच म्हणाल्या, “हे तरी मला सोडतील का?”

त्या उठल्या. डबा खुर्चीवर ठेवला, पदर सारखा केला आणि फिरल्या.

ती पेनल्टी मी बघितली नाही. मी काकूंकडे बघत होतो. त्या रिकाम्या खुर्चीवर, काकांचा चेहरा असायचा त्या उंचीवर, नजर लावून उभ्या होत्या. शिट्टी वाजली. आणि एकदम असा जल्लोष उसळला की काकू दचकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी दचकताना बघितलं नव्हतं.

गोल झाला होता. पंक्चरवाला माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडत होता, लोक टोप्या उडवत होते. काकू मैदानाकडे वळल्या नाहीत. त्यांनी मागच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, जरा वाकल्या आणि म्हणाल्या,

“अहो, झाला.”