दोघींची एक रेघ

कुंदाताईंनी मेमरी कार्ड पदराच्या टोकानं पुसून कॉम्प्युटरला लावलं, हेडफोन कानांवर घेतले आणि डोळे मिटले. सकाळपासून बोंडअळीच्या नुकसानीचे अर्ज भरून बोटं आखडली होती. त्यात संकष्टीचा उपास. पोटात फक्त चहा.

"काही ऐकू येते का?" समोरच्या स्टुलावरून रुपीबाईनं विचारलं.

"पंखा ऐकू येतोय. बाकी आवाज फार खोल आहे."

"काय म्हणता? ताई, अगोदर तुमचा आवाज वाढवा."

कुंदाताई थकल्या चेहऱ्यानं हसल्या. यवतमाळात हे ऑनलाइन अर्जांचं सेंटर चालवताना त्यांचं हळू बोलणं ऐकून रोज कुणीतरी हे सांगतच असे.

रुपीबाई बंजारा तांड्यावरून पहिल्या एसटीनं आली होती. लेकीचं, संगीताचं लग्न चार दिवसांवर. निघताना नवरीनं माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत ढावलो, म्हणजे निरोपाचं गाणं, म्हणायचं. ते अख्खं यायचं एकट्या मानीबाईला, रुपीबाईच्या सासूला. दिवाळीत मानीबाईला लकवा झाला, जीभ जड पडली. संगीतानं शिकायचं तर आता मोबाइलमधल्या या एका रेकॉर्डिंगवरूनच.

"तुम्हाला नाही येत?"

"मले? नाही बा. सासू म्हणे, तुह्या गळ्यात जीवच नाही. पण ढावलो न म्हणता पोरगी गेली, तं लोक म्हणतीन, मुकी धाडली."

कुंदाताईंनी पडद्यावरची आवाजाची बारीक निळी रेघ पूर्ण निवडली.

"हे सॉफ्टवेअर फुकटचं आहे. बघू."

"फुकटचं? मंग काम करते ना नीट?"

"प्रसादही फुकटच असतो, रुपीबाई."

त्यांनी आवाज वाढवणाऱ्या 'ॲम्प्लिफाय'वर टिचकी मारली. रेघ फुगली. पंखा वाढला, अंगणातल्या कोंबड्या वाढल्या, मानीबाईचा चिरका सूर वर आला. आणि तिचा दम तुटला तिथं आणखी एक सूर निघाला. पातळ, पण न चुकणारा. मानीबाई अडखळली की पुढचा शब्द तो आधी घेई. ओळ पुरी झाली की पुन्हा तिच्या मागं जाऊन उभा राही.

कुंदाताईंनी हेडफोन काढून रुपीबाईच्या कानांवर ठेवले.

"ही कोण?"

रुपीबाईनं ऐकलं. ऐकता ऐकता तिनं पदर कपाळावर ओढला, जशी काही सासू समोर बसली होती.

"मीच मोबाइल धरून होती," ती पुटपुटली. "गुणगुणली असन."

मग तिनं एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"ताई, हा आवाज काढून टाकता येते का? सासू ऐकन."

"दोघींचा आवाज एकाच रेघेत आहे. तुमचा काढला तर त्यांचाही जाईल."

कुंदाताईंनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. रुपीबाईचे ओठ हलू लागले. मानीबाई थांबली तिथंही ते हलत राहिले. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला. तिनं तो सावरला नाही.

"ताई," ती म्हणाली, "अजून थोडा वाढवा."