एका घरात एकच ज्योत

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून बाप उभे, खुर्च्यांवर आया, आणि आयांच्या मांडीवर, पायांशी, दोन खुर्च्यांच्या फटीत मुलेच मुले. एवढी मुले एका छपराखाली असून कुणी चूं करत नव्हते, कारण समोर मंचावर एका बाईच्या हातातला लोलक आपोआप फिरायला लागला होता.

लोलक म्हणजे दोऱ्याला बांधलेला काचेचा मणी. बाईने दोरा चिमटीत धरला होता. खाली स्टुलावर तिचा मुलगा होता, आणि त्याच्या डोक्यावर तो मणी आधी थरथरला, मग डुलला, मग चांगला गरगरा फिरू लागला. बाईला रडू आवरेना. लोकांनी तोंडात बोटे घातली.

"मी कुठे उभा आहे, बघा," मंचाच्या दुसऱ्या टोकावरून लोलकगुरू म्हणाले. "चांगला लांब. दोरा कुणाच्या हातात? आईच्या. मी खोटं बोलेन, पण आईचा हात खोटं बोलेल का? मेंदूच्या मधोमध ज्योत असते. हुशार मुलाची पेटलेली, बाकीच्यांची विझलेली. शास्त्रज्ञांना हे हल्ली कळलंय, आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. ज्योत असली की लोलक फिरतो. नसली की ढिम्म."

कोणत्या शास्त्रज्ञांना कळले, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. गुरूंच्या अंगात महागाचा कोट होता आणि बोलताना ते अडखळत नव्हते. आपल्याकडे एवढे पुरते.

रांगेत पुढे सुईताई होती. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायची, म्हणून पेशंटांनी तिला हे नाव दिले होते. रडून गोंधळ घालणाऱ्या तान्ह्या पोराचीही शीर तिला पहिल्या खेपेला सापडायची. हात असा की जराही हलायचा नाही, आणि याचा तिला अभिमान होता. तिच्याबरोबर तिची जुळी मुले होती. सोन्या थोडा आधी जन्मलेला, म्हणून मोठा. भिंगरी मागून आलेली आणि तेव्हापासून एका जागी न बसलेली.

"आधी मोठ्याला बसवा, ताई," गुरू म्हणाले.

सोन्या बसला. सुईताईने श्वास रोखून दोरा धरला. लोलक फिरला, आणि असा फिरला की पुढच्या रांगेतून टाळ्या आल्या. तिच्या जिवात जीव आला. मग भिंगरी बसली. बसल्या बसल्या वर मान करून म्हणाली, "मणी काचेचाच का? लिंबू चालेल?" लोक हसले. लोलक मात्र जागचा हलला नाही.

"मनाला लावून घेऊ नका," गुरूंचा आवाज मऊ झाला. "एका घरात एकच ज्योत. तीच जपायची. विझलेलं मूल परीक्षेला बसलं ना, की पेटलेल्याच्या लहरी फाकतात. आणि घरी रोज साधना करा. लोलक बाहेर टेबलावर मिळतील."

सुईताई अडाणी नव्हती. मग ती तिथे गेलीच का? तर गावातल्या एका सरकारी शाळेत हुशार मुलांसाठी खास वर्ग होता. फी नाही, उत्तम प्रयोगशाळा, शिकवणारे नावाजलेले. पण त्यात शिरायचे कसे, हे सांगायला कुणी तयार नव्हते. कचेरीतल्या पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने वेबसाइट बघा म्हणून सांगितले, आणि वेबसाइटवर लिहिले होते की अधिक माहितीसाठी कचेरीत यावे. परीक्षेत काय विचारतात, कुठली मुले घेतात, सगळे गुलदस्त्यात. नवरा फिरतीच्या नोकरीवर, फोनवर म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." हॉलमध्ये निदान कुणीतरी खुर्ची देऊन बोलत होते. सरकार जिथे तोंड उघडत नाही तिथे असल्या कोटवाल्यांचे फावते.

अर्ज एकट्या सोन्याचा गेला.

परीक्षेहून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. भिंगरी ओट्याशी ताटे पुसत होती.

"एक घडीचा प्रश्न होता," तो म्हणाला. "चौकोनी कागदाची दोनदा घडी घालून छोटा चौकोन केला आणि एक कोपरा कापला. उघडल्यावर भोकं किती? मी चार लिहिली."

"कापला तो कोपरा बंद होता की सुटा?" भिंगरीने हातातले ताट खाली न ठेवता विचारले.

"बंद. चित्रात दाखवला होता."

"मग एकच. मधोमध."

सोन्याने वर्तमानपत्राचा चौकोन फाडला, घड्या घातल्या, कात्री लावली आणि उघडला. कागदाच्या बरोबर मध्ये एक भोक होते. त्यातून त्याने बहिणीकडे बघितले. मग त्याने जमेल तसे बाकीचे प्रश्न आठवून सांगितले आणि ती ताटे पुसता पुसता उत्तरे देत गेली.

"पण लोलक फिरला नव्हता," सुईताई म्हणाली, कुणी काही विचारले नसताना.

"आई, लॅबमध्ये तुम्ही बाटलीवर नाव का लिहीत नाही?" भिंगरीने विचारले.

"नंबर लिहितो. कुणाचं रक्त आहे ते तपासणाऱ्याला कळलं, तर मनात आधीच काहीतरी ठरतं. मग तेच दिसतं."

"मग लोलक पण तसाच तपासू या ना."

तिने आईच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि साधनेसाठी विकत आणलेला लोलक हातात दिला. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. "आता सोन्या बसलाय," भिंगरी म्हणाली. काही वेळ गेला. "आता मी बसलेय." पुन्हा काही वेळ गेला. "आता पुन्हा सोन्या. जरा धरून ठेव आणि डोळे सोड."

सुईताईने ओढणी खाली ओढली. लोलक झोकात फिरत होता. खाली स्टुलावर भिंगरी बसली होती.

"आणि मी बसलेय म्हणाले ना, तेव्हा सोन्या होता. तेव्हा अगदी थांबला होता."

"खरंच, आई," सोन्या म्हणाला. "आणि पहिल्यांदा तर स्टुलावर कुणीच नव्हतं. तरी फिरत होता."

सुईताई आपल्या हाताकडे बघत राहिली. ज्या हाताची ती शपथ घेत असे, तोच हात होता.

"म्हणजे तो माझ्यावर फिरतो," भिंगरी हळूच म्हणाली. "फक्त तुला मी आहे हे कळायला नको."

सुईताईला तिला जवळ घ्यावेसे वाटले, पण हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन थेट त्या शाळेत गेली. खास वर्गाच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. "यात जादू नाही आणि लहरीही नाहीत," त्या म्हणाल्या. "लोलक फिरणार अशी मनात खात्री असली की बोटं आपल्या नकळत कणभर हलतात. दोरा लांब, त्यामुळे तेवढ्यानेही मणी गरगरतो. खात्री उलटी असली की हात आपोआप स्थिर राहतो. तो माणूस आधी काय होणार ते सांगतो आणि मग तुमच्याकडूनच करून घेतो."

"हिची परीक्षा घेता येईल?"

"तुम्ही अर्ज का नाही भरला हो? कुणालाही बसता येत होतं." बाईंनी भिंगरीकडे बघून आवाज खाली आणला. "वर्ग याच वयाला सुरू होतो. पुढच्या वर्षी हिचं वय जास्त होईल."

सोन्याची निवड झाली नाही. "बरं झालं," तो म्हणाला, आणि सायकल घेऊन बाहेर गेला.

पुढच्या रविवारी हॉल तसाच भरला होता. भिंगरीला पायऱ्यांशी उभे करून सुईताई मंचावर चढली. "दोरा धरलेल्या या ताईंचे डोळे बांधा आणि मुलं बदलून बघा," ती म्हणाली. "मी घरी केलंय. लोलक कुणावरही फिरतो. रिकाम्या स्टुलावरही फिरतो."

"डोळे झाकले की मायेची नजर तुटते," गुरू न अडखळता म्हणाले. "मग लोलक गोंधळणारच."

"लोलक नाही हो गोंधळला. माझा मुलगाच हुशार असणार, हे मी घरूनच ठरवून आले होते. तुम्ही नुसता दोरा दिलात."

मागून कुणीतरी म्हणाले, "हिच्या पोराचा नंबर नाही लागला, म्हणून हा थयथयाट." एक जोडपे मुलांना घेऊन निमूटपणे बाहेर गेले. दोघा बापांनी सुईताईला हाताला धरून खाली उतरवले. रांग जराशी मोडली आणि पुन्हा लागली.

असे गुरू काही नवे घडवत नाहीत. जे आपण मनात आधीच ठरवलेले असते, तेच दोऱ्याला बांधून परत विकतात. म्हणून चमत्कार दिसला की नाव झाकून तपासावा. आणि मूल हुशार आहे का हे कळायला हवे असेल, तर त्याच्या डोक्यावर काही धरू नये, त्याच्यासमोर बसून त्याला विचारावे. त्याला खर्च नाही आणि रांगही नाही.

मंचावर पुढचा मुलगा स्टुलावर बसला. त्याची बहीण त्याची पाण्याची बाटली धरून मंचाखाली बाजूला उभी होती. बाहेर पडता पडता भिंगरी आईचा हात सोडून तिच्याजवळ गेली.

"तुझा नंबर आला ना," ती म्हणाली, "की तुझ्या आईला आधी डोळे बांधून घ्यायला सांग."