तीन नंबरचा प्लग आणि मी

मित्रांनो, मी एक जुना प्लगपाना आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. पेट्रोलच्या गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग असतात ना, ते आट्यांवर फिरवून घट्ट बसवलेले असतात, आणि तेही अशा खोल खळग्यात की साधा पाना तिथे पोचतच नाही. तिथे मी पोचतो. वीतभर लांब पोलादी नळी, खालच्या तोंडाला सहा कोन, वरच्या टोकाला आरपार भोक आणि त्या भोकात घातलेली आडवी सळई. बस्, एवढाच माझा देह. पण रुबाब म्हणाल तर एके काळी मोठा होता हं!

माझा जन्म १९६२ सालचा, चिंचवडचा. त्या वर्षी गावाभोवतीच्या रानात कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या. मला घडवणारे कोंडीराम अशाच एका कंपनीत फिटर म्हणून लागले, आणि त्याच वर्षी त्यांचं केसरबाईंशी लग्न झालं. कंपनीने टाकून दिलेला वाफेच्या पाइपाचा एक तुकडा त्यांनी साहेबांना विचारून घरी आणला. लोहाराच्या भट्टीत तो लालबुंद केला आणि सहाकोनी बोल्टावर ठोकून ठोकून माझं तोंड घडवलं. ठोके खाताना मी फार कळवळलो, खोटं कशाला सांगू! मग त्यांनी मला घासून-पुसून उजेडात धरलं आणि नव्या नवरीला दाखवलं.

"बघ गं, कसा झालाय?"

केसरबाई म्हणाल्या, "झ्याक झालाय की. पर ह्येनं भाकरी थापता येती का?"

अशी आमची ओळख झाली.

कंपनीची सुट्टी गुरुवारी असे. त्या दिवशी कोंडीराम स्टेशनच्या रस्त्याला करंजाच्या झाडाखाली पोतं अंथरून बसत. आकुर्डीहून, देहूरोडहून, पार चाकणहून लोक जुन्या मोटारी घेऊन येत. मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! काजळी धरलेले प्लग, तेलात भिजलेले प्लग, कुणी अडाण्याने वाकडा बसवलेला प्लग. कोंडीराम माझ्या सळईची दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरत, डोळे मिटत आणि कान इंजिनाजवळ नेत. ते नेहमी आधी किंचित आवळत आणि मगच सोडत. सरळ सोडायला जाणाऱ्यांना ते हसत. "आटा दचकतो, राव," म्हणत. दोन्ही हातांचा जोर अगदी सारखा ठेवत, कारण एका बाजूने जास्त ओढलं की मी कलंडतो आणि प्लगाची चिनीमाती तडकते. बारा वर्षांत माझ्याकडून एकही प्लग तुटला नाही. लोक म्हणत, "कोंडीरामभाऊच्या पान्याला हात लावायचं काम न्हाई, त्यो मंतरलेला हाय." मीही शेफारलो होतो. साध्या पान्यांशी मी बोलतसुद्धा नसे.

मग १९७४ साल आलं. एके दिवशी कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसखाली कोंडीरामांचा उजवा हात सापडला. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. कंपनीने त्यांना गेटवर पाहऱ्याला बसवलं. घरी आल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी पायाने सरकवली आणि केसरबाईंना म्हणाले, "ही भंगारात दे. मिस्त्री मेला तुझा."

केसरबाईंनी भंगारवाल्याला हाक मारली. त्यांनी हातोडे दिले, पकडी दिल्या, पेटीही दिली. मला मात्र पदराखाली घेतलं आणि ज्वारीच्या कोठीत खोल खुपसलं. मित्रांनो, मी तीन वर्षं ज्वारीत राहिलो! सोबतीला टोके, म्हणजे धान्यातले किडे. दर चार दिवसांनी शेराचं माप खाली यायचं, माझ्या डोक्यावर टण्णकन आपटायचं आणि वर जायचं. कधी कधी केसरबाईंचा हात मला चाचपून बघायचा. त्या हातासाठी मी वाट पाहत असे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पण बाहेर कोंडीराम काय करतात ते ऐकू येई. काहीच करत नसत. कुणी गाडीचं विचारलं की म्हणत, "आता ते काम आमचं न्हाई." मला आतल्या आत रडू यायचं.

१९७७ साली दसऱ्यानंतरच्या एका गुरुवारी सकाळी दारात गाडीचा आवाज आला. आवाज कसला, खोकलाच! चार सिलिंडरांपैकी तीनच चालत होते. चऱ्होलीचे सोपानराव आपली काळी मोटार घेऊन आले होते. जुने शेतकरी, करंजाखालचं जुनं गिऱ्हाईक.

"कोंडीरामभाऊ, तीन नंबरचा प्लग हलत न्हाई. पुण्याचा गॅरेजवाला म्हणतो, इंजनाचं वरचं हेड उतरवून प्लग कापून काढावा लागंल. मला काय त्ये पटंना. आईनं सांगितलं, चिंचवडला जा."

"माझा हात गेला, सोपानराव. दुसरीकडं बघा."

सोपानराव मान खाली घालून वळले. तेवढ्यात कोठीचं झाकण वाजलं. केसरबाईंचा हात कोपरापर्यंत ज्वारीत शिरला आणि मला उचलून बाहेर घेऊन गेला. केवढा तो उजेड!

कोंडीराम माझ्याकडे बघतच राहिले. मग चिडले. "भंगारात दे म्हणलं हुतं ना तुला?"

"दिलं की. बाकीचं समदं दिलं. ह्यो न्हाई दिला," केसरबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षीचा हाय. आधी बघा तरी त्या प्लगाकडं, मग वराडा माझ्यावर."

कोंडीराम पुटपुटत उठले. त्यांनी खळग्यात थोडं रॉकेल सोडलं, तासभर मुरू दिलं. मग मला आत बसवलं, डाव्या हाताने सळईचं एक टोक धरलं, दुसऱ्या टोकावर उजवा तळवा टेकवला. पण त्या तळव्याला पकड कुठली! जोर डावीकडेच पडला, मी कलंडलो आणि खालून कुईऽऽ असा बारीक आवाज आला. आणखी इतकासा जोर पडता तर प्लग तुटलाच असता. कोंडीरामांनी झटकन हात काढून घेतला आणि ते पायरीवर जाऊन बसले.

"बघितलंस?" ते म्हणाले. "एका हाताचं काम न्हाई ह्ये. उगा माझी शोभा केलीस."

मला वाटलं, संपलं. आता मी खरोखरच भंगारात जाणार, आणि हा माणूस गेटवरच्या स्टुलावर म्हातारा होणार.

केसरबाईंनी मला बाहेर काढून फडक्याने पुसलं. फडक्याला काहीतरी तपकिरी, चिकट लागलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, पुन्हा हुंगलं आणि एकदम हसल्या.

"आवं, ह्यो गंज न्हाई नुसता. ह्ये नारळाचं पानी हाय, करपलेलं. सोपानराव, तुमी इंजनाला नारळ पाजता व्हय?"

सोपानराव ओशाळले. "वहिनी, दर दसऱ्याला पूजा करतो. बॉनेट उघडून इंजनावर नारळ फोडायचा अन् पानी तिथंच शिंपडायचं, आईची तशी रीत हाय. मशीन गरम असतंय, वाळून जातंय."

आमच्या घरी दसऱ्याला बुद्धवंदना होई, गाडीवर नारळ फोडायची रीत नव्हती. त्यामुळे हे कोंडीरामांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मधल्या तीन-चार दसऱ्यांचं गोड पाणी नेमकं तीन नंबरच्या सखल खळग्यात साचत, करपत आणि घट्ट होत गेलं होतं.

"म्हणून रॉकेल चालंना," कोंडीराम हळूच म्हणाले.

"कसं चालंल? करपलेलं भांडं कदी रॉकेलनं घासलंय का कुनी? थांबा." केसरबाई आत गेल्या आणि कढत पाण्याचं पातेलं घेऊन आल्या. चमच्या-चमच्याने पाणी सोडायचं, चिंधीने टिपायचं, पुन्हा सोडायचं. पाचव्या-सहाव्या वेळेला पाणी चहासारखं वर आलं. कोंडीराम पायरीवरून कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. "पानी आत जाऊ देऊ नको हां," म्हणत त्यांनी सायकलचा पंप मागवला, नळी खळग्यात धरली आणि सोपानरावांना हवा मारायला लावली. खळगा कोरडा झाल्यावर आता खऱ्या गंजासाठी पुन्हा रॉकेल सोडलं. मिस्त्री जागा झाला होता!

पण हात तोच होता. मला आत बसवून ते सळईकडे नुसते बघत राहिले.

केसरबाई समोरून आल्या आणि त्यांनी सळईचं दुसरं टोक धरलं.

"तुला न्हाई जमायचं," कोंडीराम म्हणाले.

"जात्यावर दोघी बसतो तवा खुंटा कसा फिरतो? तुमी सांगा, मी करते."

पहिल्यांदा केसरबाईंनी असा हिसका दिला की माझी नळी करकरली. "हळू! ओढू नको. माझ्या हाताचा जोर वळख अन् तेवढाच लाव." कोंडीरामांनी डोळे मिटले, कान इंजिनाजवळ नेला. "आधी आवळ. केसाएवढं." केसरबाईंनी श्वास धरला. मला दोन्ही टोकांकडून जोर जाणवत होता. एक हात फिटरचा, एक भाकरी थापणारा. आधी एक कमी, एक जास्त. मग हळूहळू ते जुळत गेले, जुळत गेले आणि शेवटी कुठला कुणाचा ते मलाही कळेना.

कट्!

"आता सोड," कोंडीराम कुजबुजले.

आणि मित्रांनो, तीन नंबरचा प्लग फिरला! पाव फेरा, अर्धा फेरा, थोडं मागे, पुन्हा पुढे. अखेर तो अख्खाच्या अख्खा बाहेर आला, आटे शाबूत. नवा प्लग बसवला, सोपानरावांनी गाडी चालू केली आणि चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. सोपानराव आनंदाने ओरडले, "कोंडीरामभाऊ, हात परत आला की तुमचा!"

कोंडीरामांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. ते म्हणाले, "माझा न्हाई आला, सोपानराव. ह्यो तिचा हाय."

"अन् पुढल्या दसऱ्याला नारळ जमिनीवर फोडा, आईला म्हणावं केसरनं सांगितलंय," केसरबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. मागे वळून मात्र त्यांनी दोनदा इंजिनाकडे बघितलं.

त्यानंतर दर गुरुवारी करंजाखाली दोन पोती अंथरली जाऊ लागली. लोकांनी आधी तोंडाला पदर लावून, मिशीत हसून बघितलं. मग गुपचूप गाड्या आणल्या. आज १९८२ साल चालू आहे. नव्या गाड्यांचे काही प्लग माझ्या तोंडात बसत नाहीत, माझे कोनही झिजलेत. तरी अजून मला रोज तेलाच्या फडक्याने पुसतात.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. हत्यार ओलं ठेवू नका, अडलेल्या आट्यावर राग काढू नका. आणि कुणाचा एक हात गेला तर त्याला उपकार म्हणून स्टुलावर बसवून मोकळे होऊ नका. त्याच्या सळईचं दुसरं टोक रिकामं असतं. ते धरा.