रानबोक्याच्या गळ्यातला पट्टा

मी एक पट्टा बोलतोय. चामड्याची पट्टी, तिच्यावर काडेपेटीहून लहान यंत्र आणि मागे वीतभर तार, एवढाच माझा जीव. मला एका रानबोक्याच्या गळ्यात बांधलं होतं. तो हिंडत असला की मी सावकाश टिकटिकायचो. तो काही तास हललाच नाही, की माझी टिकटिक दुप्पट व्हायची. याहून जास्त बोलायची सोय माझ्यात कुणी ठेवलेली नव्हती.

मला आणलं संशोधक बाईंनी. दोन डोंगर आणि मधून गेलेला रुंद, रात्रंदिवस गाड्या धावणारा रस्ता. अलीकडच्या डोंगरावर रानमांजरं उरली होती अवघी अकरा. सहा वर्षं बाई त्यांची विष्ठा आणि काट्यांना अडकलेले केस गोळा करून प्रयोगशाळेत त्यांची नाती शोधत होत्या.

“सगळी एकाच घरातली निघाली हो काका,” त्या आपल्या म्हाताऱ्या वाटाड्याला म्हणाल्या. “बहीण-भावांचीच पिल्लं. दर वेताला जगणारी कमी होताहेत. बाहेरचं रक्त आलं नाही, तर थोड्याच वर्षांत डोंगर रिकामा.”

पलीकडच्या डोंगरावरून एक बोका आणायचा, असं बाईंनी ठरवलं. घरी जेवणाच्या टेबलावर त्या माझी बॅटरी तपासत होत्या, तेव्हा त्यांच्या आईला हसू आवरेना.

“म्हणजे तिकडच्या मुलींना स्थळ बघतेस म्हण की! स्वतःच्या वेळी एवढी धावपळ केली असतीस तर!”

त्या दिवसापासून न पाहिलेल्या त्या बोक्याला आई ‘जावईबापू’च म्हणायला लागल्या.

परवानगी यायला दोन वर्षं गेली. मग एका सकाळी, भूल दिलेल्या बोक्याच्या गळ्यात बाईंनी मला बांधलं. मी आवळत तर नाही ना, म्हणून माझ्याखाली दोन बोटं घालून पाहिली.

नव्या डोंगराची सवय व्हावी म्हणून त्याला तीस दिवस जाळीच्या आवारात ठेवायचं होतं. अठराव्या दिवशी त्याने खाणं टाकलं. जाळीवर तोंड घासून घासून नाक सोलवटून घेतलं. बाहेर एक मांजरी दोन दिवस ओरडत फिरत होती.

“अजून थांबा, बाई,” काका म्हणाले. “रोज एकाच कोपऱ्यात बसतो. त्याच्या डोंगराकडे तोंड करून.”

“असाच ठेवला तर आतच जाईल तो, काका. आणि मांजरीचे हे माजाचे दिवस निघून गेले तर वर्ष फुकट. उद्या सोडू.”

दार उघडलं. चार दिवस तो हिंडला, शिकार केली, दगडांच्या सावलीत झोपला. बाई लांबून हातातल्या रेडिओ-यंत्रावर मला ऐकत, वहीत खुणा करत आणि आईला फोनवर सांगत, “रुळतोय गं!”

पाचव्या दिवशी अंधार पडल्यावर तो आपल्या डोंगराकडे वळला. रस्त्याच्या कडेला बराच वेळ दबून बसला. मग निघाला. अर्धा रस्ता त्याने पार केला होता.

सकाळी बाईंनी यंत्र कानाला लावलं. मी दुप्पट वेगाने टिकटिकत होतो. गप्प राहता आलं असतं तर राहिलो असतो. बाईंनी वायर काढून पुन्हा लावली. जागा बदलून पाहिली.

“बाई,” काका हळूच म्हणाले, “यंत्र ठीक आहे.”

मला त्याच्या गळ्यातून बाईंनीच सोडवलं.

घरी पाऊल टाकताच आईंनी विचारलं, “काय म्हणताहेत जावईबापू?” बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि त्या हात धुवायला गेल्या. नळ वाहतच राहिला. शेवटी आईंनीच जाऊन तो बंद केला.

“मी घाई केली, आई.”

“आणि आतच गेला असता तर?”

“माहीत नाही.”

आईंनी ओल्या फडक्याने मला पुसलं. माझ्या कडीत अडकलेले केस तेवढे तसेच राहू दिले. ‘जावईबापू’ हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही.

दोन महिन्यांनी त्या मांजरीला तीन पिल्लं झाली. बाईंनी तपासणी केली. बाप तिचाच भाऊ निघाला. महिन्याभरात दोन पिल्लं गेली.

अहवालात बाईंनी लिहिलं : ‘बारा दिवस आधी सोडण्याचा निर्णय माझा होता.’ सहकारी म्हणाले, “हे वाक्य काढून टाका, उगाच तुमच्यावर येईल.” त्यांनी काढलं नाही. “पुढच्या माणसाला कळायला हवं,” एवढंच म्हणाल्या.

आता मी प्रयोगशाळेतल्या एका खणात पडून आहे. दुसरा बोका आणायची परवानगी आलीय. परवा बाईंनी मला बाहेर काढलं, नवी बॅटरी घातली, हातात धरून बराच वेळ बसल्या. मग परत आत ठेवलं आणि खण लावून घेतला.

बाई, तुमचा माझ्यावर राग असेल तर असू दे. पण डोंगरावर आता नऊच उरलीत. मला बाहेर काढा.