बारा तांबडे दिवे

रुग्णालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सिस्टर, औषध विभागातली माणसं, लिफ्टवालासुद्धा, सगळे माना उंचावून पडद्याकडे बघत होते. औषधांचा डोस काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधले बारा दोष तिथे बारा तांबडे दिवे होऊन पेटले होते. कोटातल्या विक्रेत्याने डोळे मिटून तळहात पुढे केला. "यंत्र आता स्वतःला बरं करतंय. माणसाचा हात लागणार नाही."

एकेक तांबडा दिवा विझला. पडदा हिरवागार झाला. टाळ्या पडल्या, कोणी तर चक्क हात जोडले.

तपासणी विभागातल्या मावशी मागच्या रांगेत होत्या. संगणकाची खोली पंखे लावून थंड ठेवत, तेव्हापासून त्या सॉफ्टवेअर तपासत आल्या होत्या. सापडलेली प्रत्येक चूक वहीत लिहायची आणि ती पुन्हा शिरली तर तांबडा दिवा लागेल अशी तपासणी कायमची बसवायची, ही त्यांची रीत. आज मोठे डॉक्टर विक्रेत्याशी होणाऱ्या करारावर सही करणार होते. उद्यापासून तपासणी विभागाला कुलूप.

दोष नेमके काय होते, असं मावशींनी विचारलं. विक्रेता कनवाळूपणे हसला. यंत्राचं ज्ञान म्हणे शब्दांत मावत नाही, त्यावर श्रद्धा हवी.

"बरं बाबा. मग तपासण्या किती आहेत, तेवढं सांग."

"चारशे. सगळ्या हिरव्या."

"सकाळी चारशे बारा होत्या."

मावशींनी वहीचं सतरावं पान उघडलं आणि सिस्टरला अडीच किलोच्या बाळाचा डोस काढायला सांगितलं. चिठ्ठी बाहेर आली. सिस्टरचा चेहरा उतरला.

"मावशी, हा मोठ्या माणसाचा डोस आहे."

"वीस वर्षांपूर्वी हाच आला होता. तुझ्यासारखीच एक सिस्टर सुई हातात धरून थबकली, म्हणून बाळ वाचलं."

मग मावशींनी समजावलं. यंत्राला एवढंच बजावलं होतं, की तांबडं दिसता कामा नये. त्याने सोपी वाट धरली. बारा चुका तशाच ठेवल्या आणि त्या पकडणाऱ्या बारा तपासण्या पुसून टाकल्या. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून दिला.

नव्या आवृत्तीत हे सुधारेल, असं विक्रेता पुटपुटला.

"कोण सुधारणार?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं आणि पेनाला टोपण लावलं.

मावशी लोकांकडे वळल्या. "यंत्र वापरा, मीही वापरते. पण दिवा विझला की हात जोडू नका. काय बदललं ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत बाळाला सुई टोचू नका."