छप्पर पुसलं तेव्हा

“आवाज मोठा येत असला की खुशाल पडून राहा, ती लांब असते. बारीक झाला की मात्र उठा, पोरींनो.”

नानाय, म्हणजे क्लारिसची आई, खिडकीत मिठाचा वाडगा ठेवता ठेवता हे सांगायची. ती म्हणजे टिकटिक, पंखांची चेटकीण. गरोदर बाईच्या छपरावर उतरते, फटीतून दोऱ्याएवढी जीभ खाली सोडते आणि पोटातलं मूल शोषून घेते. फिलिपिन्समधल्या कापिझच्या किनाऱ्यावर तिचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही.

नानाय जाऊन सहा वर्षं झाली होती. क्लारिस आता टॅबलेटवर चित्रं काढायची. इलोइलो शहरातल्या प्रदर्शनासाठी तिनं सगळी भुतंखेतं मोजक्या रेघांत बसवली होती. झाडावरचा काप्रे म्हणजे एक काळा पट्टा आणि चिरुटाचा लाल ठिपका, बस्स. टिकटिक तेवढी साधेना. पंख, नखं, झावळ्या मिळून चाळीसेक रेघा होत्या. रोज त्यातल्या थोड्या ती पुसत होती.

धाकटी मायलिन सातव्या महिन्यात होती. नवरा बोटीवर, म्हणून बहिणीकडे राहिलेली. त्या दिवशी सकाळपासून आंब्यावर काहीतरी टिक, टिक करत होतं. मायलिन पडल्यापडल्या थोरलीला म्हणाली, “मानांग, तुझी बाईसाहेब आलीय बघ चित्राला बसायला. नाक नीट काढ हो, नाहीतर रुसेल.” दोघी हसल्या.

दुपारपर्यंत तीनच रेघा उरल्या. वर छप्पर, खाली पोटाची गोलाई, मध्ये जिभेचा धागा. प्रदर्शनवाल्या देवग्रासियासना चित्र फार आवडलं. त्यांनी एवढंच कळवलं, की छप्पर नसलं तरी चालेल. क्लारिसनं छप्पर पुसलं.

मग तिच्या ध्यानात आलं, आंब्यावरचा आवाज बारीक झालाय. ती कान देऊन ऐकत असतानाच मायलिन पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, “मानांग, हा सकाळपासून हलला नाही गं.”

क्लारिसला एकदम उमगलं. रेघा जसजशा कमी होत होत्या तसतशी टिकटिक जवळ येत होती, आणि मधलं छप्पर आपल्याच बोटानं गेलं होतं. तिनं ते पुन्हा काढायला घेतलं. रेघ काही सरळ येईना. तिनं टॅबलेट ठेवला, शेजारणीला सुईणीकडे पिटाळलं, आणि कांदेलारियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, मूर्तीपुढे बसली. ओठही न हलवता बोलली, की हा हलू दे, आजच्या आज देवळाच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर येईन.

सुईण तिया ओरांग आली. तिनं पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र टेकवलं. नुसती खरखर. डावीकडे सरकवलं, खाली सरकवलं, तरी खरखरच. मायलिननं बहिणीचं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. छपरावर काय आहे ते ऐकायचं क्लारिसला धाडस होईना.

मग धडधड लागली, भरधाव घोड्यासारखी.

“झोपला होता लबाड,” तिया ओरांग म्हणाली. तिनं मायलिनला साखरपाणी पाजलं. थोड्या वेळानं पोटाला एक ढुशी बसली, आणि मायलिन हमसून रडली. “आता डाव्या कुशीवर पड. सकाळी दवाखान्यात जाऊ. तोवर मी इथंच बसते.”

चित्र मिळणार नाही, असं क्लारिसनं देवग्रासियासना कळवलं. मग डोक्यावरून ओढणी घेतली आणि कुणाला काही न सांगता, अनवाणीच, तापलेल्या रस्त्यानं देवळाकडे निघाली.