फादर साळव्यांचा रिबाउंड

मी कॅरम आहे, मित्रांनो. जुना, सागवानी चौकटीचा, आणि तोंडाने जरा फटकळ. माझ्या एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो फादर बेनेडिक्ट साळव्यांनी पाडला. पण आज मी त्यांचे कौतुक करायला बसलो आहे, म्हणून डागाचा विषय इथेच सोडतो.

अफझलगंजच्या दत्तोबा सुतारांनी मला घडवले. विद्यानगरजवळच्या एका लहानशा चर्चचे धर्मगुरू असलेले फादर मला न्यायला आले. माणूस मूळचा जालन्याकडचा, उंचीने बेताचा आणि हसण्याने दांडगा. ऑटोत मी आडवा मावेना, तेव्हा त्यांनी मला मांडीवर उभा धरला. फादर माझ्यामागे पार झाकून गेले. रस्त्यावरच्या लोकांना वाटले असेल, हा कॅरम एकटाच हैदराबाद बघायला निघाला आहे!

रविवारची मिस्सा संपली की ओसरीत माझ्याभोवती गर्दी व्हायची. फादरांचा एक नियम होता. वस्तीत कुणा दोघांचे भांडण झाले की त्यांना समोरासमोर बसवायचे, आणि तेही जोडीदार म्हणून. सुशीलाबाई आणि त्यांच्या जाऊबाई दोन वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. फादरांनी त्यांना बसवले. पहिला बोर्ड अबोल्यातच गेला. तिसऱ्या बोर्डाला सुशीलाबाई ओरडल्या, "अगं ती नक्को, कोपऱ्यातली घे!" झाले, अबोला संपला. अशी कित्येक भांडणे माझ्या अंगावर मिटली, म्हणून मला थोडा गर्वही आहे.

मग फादरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे जड झाले, आणि पुढे मूत्रपिंडेही कुरकुरू लागली. ते चाकाच्या खुर्चीत बसून डाव्या हाताने खेळू लागले. आणि इथेच आमच्या भाबड्या लोकांनी चूक केली. सगळे मुद्दाम हरू लागले. कॉलेजात बक्षिसे मिळवलेल्या मिलिंदला समोरची सोंगटी घेता येईना! मुद्दाम हरणाऱ्याचा स्ट्रायकर कसा मऊ मऊ सरकतो, ते मला लगेच कळते. फादरांनाही कळले. एका रविवारी त्यांनी स्ट्रायकर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मी अजून मेलो नाही रे." त्यानंतर दोन महिने मी कपाटामागे भिंतीला टेकून उभा होतो. धूळ खाल्ली, पण त्यांचे हसू ऐकू येत नव्हते याचे दुःख जास्त होते.

त्यांची देखभाल करायला पंचफुलाबाई आल्या. त्या मूळच्या नांदेडच्या, दवाखान्यात आयाबाई म्हणून आयुष्य काढलेल्या, घरात बुद्धवंदना करणाऱ्या. झाडताना मी त्यांच्या हाती लागलो. त्यांनी मला पुसले, फादरांसमोर मांडले आणि पहिलाच डाव एकोणतीस-शून्य असा जिंकला.

चर्चचे काम पाहणारे इन्नय्या कळवळून म्हणाले, "अम्मा, जीतने दो ना फादरगारू कू! पेशंट हैं वो."

"पेशंट हायेत, लेकरू न्हाईत," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मला खोटं हारता येत न्हाई."

फादर इतके हसले की खुर्चीची चाके हलली. "पंचफुलाबाई," ते जड जिभेने म्हणाले, "तुम्हाला एकदा तरी हरवल्याशिवाय मी जाणार नाही."

त्यानंतर रोज दुपारी डाव पडू लागला. फादर रोज हरत. पण एकोणतीस-शून्यचे एकोणतीस-सहा झाले, मग एकोणतीस-पंधरा. डावा हात सुधारत गेला आणि बाकीचे शरीर खंगत गेले. डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असे सांगितले, तेव्हा इन्नय्या, मिलिंद आणि सुशीलाबाई पंचफुलाबाईंना गाठून म्हणाले, "एकदाच हरा हो. समाधानानं जाऊ द्या त्यांना." बाई सोंगट्या डबीत भरत राहिल्या. मला मात्र धसका बसला. या बाईंनीही मऊ स्ट्रायकर सोडला तर फादर कुणाकडे बघणार?

त्या दुपारी डाव शेवटच्या बोर्डावर आला आणि दोघांची एकेक सोंगटी उरली. पंचफुलाबाईंची जाळीच्या तोंडाशीच होती. मी श्वास रोखला. बाईंनी पदर खोचला आणि असा सणसणीत स्ट्रायकर मारला की सोंगटी कोपऱ्यावर आपटून उलटी उडाली. मित्रांनो, तो फटका जिंकायच्या घाईचा होता. माझ्या पाठीवर बसलाय, मला विचारा!

फादरांची सोंगटी त्यांच्याच बाजूला, रेषेच्या मागे होती. सरळ घेणे शक्यच नव्हते. त्यांनी डावे बोट बराच वेळ स्थिर केले. स्ट्रायकर समोरच्या चौकटीला लागून रिबाउंड होऊन परत आला आणि सोंगटीला अलगद जाळीत ढकलून थांबला.

"अगं माय! गेला की डाव!" पंचफुलाबाईंनी कपाळावर हात मारला. फादरांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आले.

एकोणीस दिवसांनी ते शांतपणे देवाघरी गेले.

तिसाव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर सगळे ओसरीत जमले. इन्नय्यांनी पंचफुलाबाईंना हात जोडले. "अम्मा, तुम हार गये, बहुत अच्छा करे."

बाई उसळल्याच. "हौले हायेत का तुम्ही, येडे कुठले? म्या डाव सोडला न्हाई! त्यांनी हरवलं मला!" त्यांनी मला मधोमध ओढले, सोंगटी त्या दिवशी होती तिथे नेमकी ठेवली आणि म्हणाल्या, "बसा. डाव्या हातानं घेऊन दाखवा."

मिलिंद बसला, चुकला. सुशीलाबाईंचा स्ट्रायकर थेट जाऊबाईंच्या चहात पडला. इन्नय्यांनी क्रूसाची खूण करून नेम धरला, तरी चुकले. रडवेले चेहरे घेऊन आलेली माणसे ओरडू लागली, हसू लागली, रांग लावू लागली. मीही सुखावलो.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याच्यासमोर बसा आणि मन लावून, खरे खेळा. मायेपोटीसुद्धा त्याला खोटा डाव देऊ नका.

अंधार पडेपर्यंत चौतीस जणांनी प्रयत्न केला. सोंगटी जागची हलली नाही. शेवटी पंचफुलाबाईंनी डोळे पुसले, सगळ्यांकडे ऐटीत पाहिले आणि म्हणाल्या, "बघितलं? माझे फादर जिंकले होते."